टाकीपाशी थांबलेला टेहळ्या

चष्मेवाल्यांनी डबी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

"रिकामी आहे," भाऊ म्हणाला.

"तेच तर सांगायला आलोय!"

ताईने भावाकडे नुसतं पाहिलं. ती खाजगी तपासनीस, हा तिचा धाकटा भाऊ. पोस्टातून निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली, तेव्हापासून रोज सकाळी हा ताईच्या कचेरीत हजर. मदतीला म्हणे! मदत कसली, चहा तेवढा दुप्पट लागतो, असं ताई म्हणायची. पण त्याला यायला उशीर झाला की फोन मात्र तिचाच जायचा.

"काय गेलं डबीतून?" तिने विचारलं.

"एक मोहरा. बोटाएवढा सैनिक. बायकोने रंगवलेला शेवटचा."

हळूहळू सगळं कळलं. चष्मेवाल्यांच्या घरी मोठ्या टेबलावर एक लढाई चालायची, परग्रहावरची. थर्मोकोलच्या टेकड्या, मोडकी यानं, मधोमध पाण्याची फुटकी टाकी. दर रविवारी एक फेरी, बाराव्या फेरीला डाव संपायचा. एका बाजूला चष्मेवाले आणि औषधवाला. समोर ड्राफ्ट्समन आणि लिफ्ट दुरुस्त करणारा. बायको होती तोवर तीही खेळायची.

"गेल्या रविवारी बारावी फेरी होती. मी चहा करायला आत गेलो, बाकीचे इकडेतिकडे पांगले. परत येऊन डबी उघडली तर माझा छुपा गायब!"

"छुपा म्हणजे?" भाऊने विचारलं.

"सैन्यात दोन जातीचे लोक पुढे जातात. टेहळ्या आणि छुपा."

"दोघंही पुढेच जातात, मग फरक काय?"

"जमीन-अस्मानाचा! टेहळ्या बघायला जातो. पहिल्या फेरीपासून पटावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. शत्रू दिसला की 'दिसला' म्हणून ओरडलंच पाहिजे, गप्प बसायची मुभा नाही. छुपा जातो न दिसण्यासाठी. तो पटावर नसतोच. मोहरा डबीत आणि जागा लिहून बंद पाकिटात. टेहळ्या त्याच्या शेजारच्या घरात आला की छुपा सापडला. सापडला की मेला, आणि मोहरा शोधणाऱ्याचा. कायमचा. आमचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे."

"आणि डबीत मोहराच नसला तर?" ताईने विचारलं.

"तर तो मैदानात नाही असं धरतो. एकदा मी कपाटातच विसरलो होतो, तेव्हा तसंच धरलं."

"डबीत आणखी काही होतं?"

"कापूस. तोही गेला."

"कापूससुद्धा सोडला नाही?" भाऊ म्हणाला. "कमाल आहे चोराची!"

चष्मेवाले हसले नाहीत. "रागाच्या भरात तिघांना सांगून बसलो, ज्याने नेला असेल त्याला माझं दार कायमचं बंद. आता वाटतं, हात दाखवून अवलक्षण केलं. त्या तिघांशिवाय माझ्या घराची पायरी कोणी चढत नाही हो. मोहरा शोधून द्या. पण चोर त्यांच्यातलाच निघाला तर रविवारी मी काय करू?"

भाऊला त्याचा स्वतःचा रविवार आठवला. दुपारभर पंख्याकडे बघत पडायचं. त्याने मान खाली घातली.

चष्मेवाले निघाले तेव्हा ताईने त्यांच्याकडून डावाची वही मागून घेतली. त्यात प्रत्येक फेरीत कोण कुठे हलला, ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

औषधवाला काउंटरवरच भेटला, तोंडाचा पट्टा चालूच.

"हो, मागितला होता मी तो मोहरा! विकत द्या म्हटलं. केवढा डाफरला माझ्यावर! म्हणून काय चोरीन? आणि छुपा कुठे आहे हे मला ठाऊक, मी त्याचाच जोडीदार. तसाही आमचा पराभव ठरलेलाच होता. तो लिफ्टवाला ढ नसता तर कधीच हरलो असतो. त्याचा टेहळ्या तीन फेऱ्या एकाच जागी उभा, बसची वाट बघत असल्यासारखा!"

स्वतःचे मोहरे त्याने खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डब्यात ठेवले होते. डबा उचलून दाखवला, तर आत खडखडाट.

बाहेर पडताच भाऊ म्हणाला, "हाच! मागून मिळाला नाही, म्हणून उचलला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. चल."

ड्राफ्ट्समन नकाशावर वाकून रेघा ओढत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी कशाला चोरू? जिंकत होतो. त्यांचा छुपा सापडला की डाव आमचा. आणि तो टाकीमागेच असणार. वहिनी असताना त्या कायम तिथेच लपवायच्या. माझे टेहळे केव्हाच मेले, उरला लिफ्टवाल्याचा. तीनदा सांगितलं, बाबा, टाकीकडे जा. ऐकेल तर शपथ!"

"शेवटच्या फेरीत?"

"तेव्हा जावंच लागतं. बाराव्या फेरीत टेहळ्याला थांबता येत नाही."

लिफ्टवाला एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत सापडला. एकटाच डबा खात बसला होता. त्याने दोघांसाठी फडक्याने स्टूल पुसलं.

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "त्या मोहऱ्याच्या डोक्यावरची तार फार नाजूक आहे. दोनदा मीच जोडून दिली वहिनींना." आणि दोघं जिना उतरू लागताच मागून आवाज आला, "बाई, चष्मेवाले खेळ बंद करतील का हो?"

रविवारी दुपारी चष्मेवाल्यांच्या घरी चौघं टेबलाभोवती बसले, ताई आणि भाऊ बाजूला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पट तसाच मांडलेला होता, बाराव्या फेरीवर थांबलेला.

"मोहरा याच खोलीत आहे," ताई म्हणाली. "कापसासकट."

"तू सारखी कापसावर काय अडकलीस?" भाऊने विचारलं.

"कारण झटकन काही उचलायचं तर माणूस मोहरा उचलतो. कापूस कोण नेतो? तार मोडू नये याची काळजी असलेला. औषधवाल्यांचे मोहरे डब्यात खुळखुळतात, त्यांना कापूस सुचणार नाही. ड्राफ्ट्समनना छुपा सापडायला हवा होता, तो नाहीसा करून त्यांनी स्वतःचाच विजय अडवला असता." तिने वही उघडली. "आता हे वाचते. नववी फेरी, लिफ्टवाल्यांचा टेहळ्या टाकीपासून दोन घरांवर, थांबला. दहावी, थांबला. अकरावी, थांबला. ज्याचं कामच बघायचं, तो बघायचंच टाळत होता. का? एक पाऊल पुढे टाकलं की 'दिसला' म्हणावं लागणार, आणि वहिनींचा मोहरा या घरातून जाणार. बाराव्या फेरीत थांबायची सोय उरली नाही. एकच वाट राहिली, मोहरा डबीतच नसायला हवा."

लिफ्टवाल्याने खिशातून कापसाचा बोळा काढून टेबलावर ठेवलं.

"मला वाटलं, कपाटात राहिला म्हणतील, डाव संपेल, मग मी हळूच कपाटात ठेवून देईन. तुम्ही चोरी चोरी ओरडलात. वर दार बंद म्हणालात. मग तोंड उघडायची छाती झाली नाही. करायला गेलो गणपती, झाला मारुती." तो उठला. "येतो मी. दार बंद म्हणजे बंद."

"बस खाली," चष्मेवाले म्हणाले. "फेरी राहिलीय. टेहळ्या पुढे घे."

"नको."

"शेवटच्या फेरीत थांबता येत नाही."

लिफ्टवाल्याने टेहळ्या टाकीशेजारी सरकवला. "दिसला," तो पुटपुटला.

"ओरडायचं असतं, शहाण्या," औषधवाला म्हणाला, आणि चष्मा पुसू लागला.

"दिसला!"

चष्मेवाल्यांनी पाकीट फोडलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, टाकीमागे. "दुसरीकडे ठेवायला हात धजला नाही. तिथे ठेवला की तीच खेळतेय असं वाटायचं." कापूस उलगडून त्यांनी मोहरा टाकीमागे उभा केला. निळं चिलखत, डोक्यावर केसासारखी तार. थोडा वेळ पाहिला, पुन्हा कापसात गुंडाळला आणि लिफ्टवाल्याच्या हातात दिला.

"अहो, हा तुमचा..."

"रिवाज म्हणजे रिवाज. हा गेला तर तीही गेली असं वाटायचं मला. पण या आठवड्यात एक कळलं. मोहऱ्याशिवाय मी दिवस काढीन. तुम्ही कोणी आला नाहीत तर नाही निघणार." त्यांनी लिफ्टवाल्याची मूठ बंद केली. "पुढच्या डावाला लागेल तो. रविवारी घेऊन ये. नाही आलास तर खरी चोरी धरीन."

मग चष्मेवाले भाऊकडे वळले. "तुम्हाला टेहळ्या आणि छुप्यातला फरक कळला का?"

"अर्धवटच कळला," भाऊ म्हणाला.

"मग रविवारी या. तिची खुर्ची रिकामीच असते."

भाऊने ताईकडे पाहिलं. ती पर्स आवरत होती, मान वर न करताच म्हणाली, "जा की. विचारतोस काय माझ्याकडे बघून?"

"चार वाजता ना?" भाऊने चष्मेवाल्यांना विचारलं.

"तीनला या," ते म्हणाले. "मांडायला वेळ लागतो."