खंडेनवमीला घेतलेलं रीडिंग

प्रणालीची पीएच.डी. त्या यंत्रानं खाल्ली.

नाही. खाल्ली-बिल्ली काही नाही. तिथं काही घडलंच नाही, असं आमच्या घरात ठरलंय.

घटना मात्र खरी आहे. प्रणाली माझी चुलतबहीण. मागच्या खंडेनवमीची भर दुपार. अकोल्यातली एक प्रयोगशाळा.

तिचं काम असं. द्रव-स्फटिक, म्हणजे मोबाईलच्या पडद्यात असतो तो ना धड पाणी ना धड खडा असा पदार्थ, नळीत भरायचा. नळी भल्यामोठ्या चुंबकात सोडायची. आतले अणूंचे गाभे चुंबकाच्या दिशेनं उभे राहतात. मग एक झटका देऊन त्यांना उलटं करायचं, आणि पुन्हा जागेवर यायला त्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं.

शेवटचं रीडिंग बाकी होतं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याची सुट्टी असली तरी, प्रबंध ऑनलाइन दिला नाही तर नोंदणी रद्द.

पण सकाळीच तिच्या गाईडनं, वामनराव सरांनी, यंत्राला हार घातला होता. कुंकू लावलं होतं.

"आता उद्यालोक, दसरा होईस्तोवर, हात लावू नको. पूजलेलं हत्यार झोपते."

"सर, उद्या शेवटची तारीख आहे."

"मंग वर्षभर काय ढेकळं फोडून राहिली होती?"

सर जेवायला गेले.

प्रणालीनं हार बाजूला सारला. नळी सोडली. झटका दिला.

पडद्यावरची रेघ खाली कोसळली. आता ती हळूहळू वर यायला हवी होती...

आली नाही.

तिनं नळी बाहेर काढली. चुंबक रिकामा. रेघ तिथंच.

पंपाचा आवाज थांबला. मग एसीचा. पंखा फिरत होता, पण मुक्यानं...

आणि चुंबकाच्या आत कुणीतरी म्हणालं, टक्.

प्रणालीसमोर भिंत होती.

आत्ता तर पडदा होता. पाय तिनं हलवले नव्हते. ती वळली.

टक्...

पुन्हा भिंत.

आता मागं कीबोर्ड वाजू लागला. सावकाश. शिकाऊ माणूस टाईप करतो तसा.

सर ढेकर देत आले. भिंतीला नाक लावून उभी असलेली पोरगी त्यांना दिसली नाही. पडदा दिसला.

"आलेख झकास निघाला. नमुना कोणता?"

"मी," प्रणाली भिंतीला म्हणाली.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "पण रेघ वर कुठं आली? तू जागेवर आल्याशिवाय रीडिंग पुरं होत नाही. अन् रीडिंगबिगर मी सही करत नसतो."

तेव्हापासून ती अमरावतीला घरी आहे. कशीही बसवा, तोंड पूर्वेलाच. अकोल्याकडं पाठ. तिच्या आईला, कौशल्याकाकूंना, वाटतं, पोरगी देवाधर्माला लागली.

मी तिच्याशी बोलायला समोर जाऊन बसतो. मागं बसायची माझी हिंमत नाही. तिकडून अधूनमधून टक् ऐकू येतं...

विद्यापीठाकडं अर्ज केलाय. मजकूर तिनंच सांगितला:

"सबब, अर्जदारास मूळ दिशेस परत वळवून मिळावे. ते शक्य नसल्यास, उर्वरित विद्यापीठ वळवून घ्यावे, ही नम्र विनंती."