धरणावरचा हिरवा दिवा

छोट्या विमानतळावरची वीज गेली, तशी विमान चालवायला शिकणारी पोरं-पोरी तेलवाल्या काकांच्या खोलीत जमली. काकांनी तीस वर्षं विमानांत तेल भरलेलं.

"काका, तुमच्या आतेभावाचं भूत नको हं. दर वेळी त्याची उंची वाढते."

"गप गं भवाने! ही गोष्ट आपल्या जुन्या मिस्त्रीची, विमानं दुरुस्त करायचा तो. माझ्या ताटात जेवलेला माणूस."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

मंगळवारची रात्र, अकरा वाजून चाळीस मिनिटं. आभाळात चंद्र नाही. पलीकडच्या धावपट्टीवर बॅटरी पोचवायची, एवढंच काम. मिस्त्री जीप घेऊन धरणाच्या रस्त्याने निघाला. एरवी तो हा रस्ता टाळायचा. वर्षापूर्वी त्याचा धाकटा भाऊ याच पाण्यात विमानासकट गेला होता.

त्या दिवशी अंधार पडता पडता धाकटा वाट चुकून लष्कराच्या बंदी हद्दीत शिरला. लढाऊ विमान शेजारी आलं. त्याने पंख डावी-उजवीकडे झुकवले. म्हणजे, माझ्यामागे ये. त्याला उत्तर ठरलेलं असतं, आपणही पंख झुकवायचे आणि अंधारात दिवे मिचकावायचे. धाकट्याने कळ दाबली असणारच. दिवे लागलेच नाहीत. समोरच्याला वाटलं, हा ऐकत नाही. त्याने इशाऱ्याचा झगझगीत उजेड सोडला. धाकटा बिचकला, आणि थेट धरणात.

विमान गाळातून निघालंच नाही. चौकशीवाल्यांनी लिहिलं, वैमानिकाने आज्ञा मोडली. भावजय तो कागद घेऊन दारोदार भांडली. मिस्त्री खाली मान घालून बसला. भावाच्या विमानातल्या दिव्यांचा फ्यूज त्याच्याकडे होता ना! पुसायला काढला, जेवायची हाक आली, खिशात टाकला, तो राहिलाच. पुढे पत्र्याच्या डबीत कुलपात ठेवला. तोंड उघडायची छाती नव्हती मेल्याची.

जीप धरणाच्या भिंतीवर आली.

डावीकडे, पाण्यावर, एक दिवा. हिरवा. पंखाच्या टोकाला असतो तसा.

आवाज नाही.

मिस्त्रीने वेग वाढवला. त्यानेही. कमी केला. त्यानेही.

दिवा खाली झुकला. वर आला. पुन्हा झुकला...

मग स्थिर. उत्तराची वाट बघत.

मिस्त्रीने जीपचे दिवे मिचकावायला कळ ओढली. दिवे विझले. परत लागेनात. त्याने करकचून ब्रेक दाबला.

"धाकट्या..."

...

"माझी चूक रे. फ्यूज माझ्याकडे आहे. सांगतो मी."

...

"उद्याच. तुझ्या बायकोसमोर."

हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. गेला. जीपचे दिवे आपोआप लागले.

सकाळी त्याने भावजयीला सगळं सांगितलं. तिने एक सणसणीत कानाखाली वाजवली, पायात चप्पल अडकवली आणि त्याला पुढे घालून चौकशीच्या कचेरीत नेलं. तिथे साहेबाच्या टेबलावर त्याने डबीचं कुलूप काढलं. वर्षभर बंद. फ्यूज शाबूत असायला हवा होता.

आतली तार वितळलेली. काच काळी.

"डबीतल्या फ्यूजमधून वीज कुठून गेली?" काकांनी विचारलं. "सांग की भवाने, तू शिकलेली."