साहेबांचा मुखवटा

तिच्याकडची चिकणमाती संपली होती. ती भर उन्हात जाऊन नवा गोळा घेऊन आली आणि टेबलावरच्या आरशासमोर बसली. कार्टूनच्या स्टुडिओत प्रत्येकाच्या टेबलावर आरसा असतो. आधी स्वतःचं तोंड वेडंवाकडं करून बघायचं, मग ते पात्राला द्यायचं. खलनायकाच्या मुखवट्यासाठी ती महिनाभर तोंड वाकडं करत होती आणि साहेब दर वेळी नाक मुरडत होते.

“यात राग कुठाय?” आजही ते पिकल्या मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. “तुला मुळात चिडताच येत नाही गं. बघावं तेव्हा हसतमुख.”

हसतमुख! तिची मागची पात्रं साहेबांनी स्वतःच्या नावावर खपवली तेव्हाही ती हसतमुखच राहिली होती, कारण घरी लेक होती आणि कमावणारी ती एकटी. आता मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आरशात बघत, दातओठ खात तिने माती दाबली, ओरबाडली. आवळलेला जबडा, भुवया, कपाळावरची तट्ट फुगलेली शीर. काम संपलं तेव्हा तिचा चेहरा हलका झाला होता, थोडा बधिरसुद्धा.

साहेब मुखवट्याकडे बघतच राहिले. मग उचलून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये तो हातात धरून ते म्हणाले, “हा मुखवटा माझा.”

ती ताडकन उठली. “खोटं आहे. तो मी केलाय.”

कुणीतरी फिसकन हसलं. “अगं, चेष्टाच करायची तर तोंड तरी जरा रागीट कर,” साहेब म्हणाले.

तिने गालाला हात लावला. आत नुसता भडका उडाला होता, आणि ओठ हसत होते.

घरी तिने लेकीवर उगाचच ओरडून पाहिलं. लेक गोंधळली. “आई, तू रागावलीयेस… की गंमत करतेयस?”

सकाळी ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. तिला तिचा मुखवटा परत हवा होता, आणि त्याच्यासोबत गेलेला रागाचा चेहराही. पडदे ओढलेले होते. ओल्या मातीचा वास येत होता. साहेब भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते.

“माझा मुखवटा द्या.”

“टेबलावर आहे… ने.”

तिने उचलला. माती खडखडीत वाळलेली. पण भुवया नव्हत्या, शीर नव्हती, काहीच नव्हतं. सारवल्यासारखा सपाट.

“आता हा माझ्या तोंडावरचाही काढ…” साहेबांचा आवाज कशाच्या तरी आडून येत होता. “बायकोने दार लावून घेतलं गं… काढ ना…”

खुर्ची सावकाश वळू लागली.

“मी कसा काढू, साहेब? तुमचाच ना तो?” ती म्हणाली आणि मागे न बघता बाहेर पडली.

घरी आल्यावर हात धुताना पाणी गढूळ झालं. दोन दिवस तिने ओल्या मातीला हात लावला नव्हता. तरी नखांत माती होती, ओली, आणि तिच्यात मिशीचा एक पिकला केस.