झोपेची नोकरी

"दिवसभर बाहेर जाऊन तू करतोस तरी काय?" रात्रपाळीहून आलेल्या बाबांनी दारातूनच विचारलं.

"झोपतो, बाबा," लंबूने मान खाली घालून उत्तर दिलं.

घरात अशी भयाण शांतता पसरली की गॅसवरचा चहासुद्धा उतू जाता जाता थांबला. बाबा कारखान्याच्या फाटकावर रात्रभर उभे राहणारे पहारेकरी. झोप या विषयावर त्यांच्यासमोर विनोद करायची घरात कुणाची छाती नव्हती.

"ऐकलंस?" ते आईकडे वळले. "मी इथे हाडांची काडं करतोय, आणि हे चिरंजीव झोपा काढतायत! वर तोंड करून सांगतायत!"

"अहो, मान खाली घालून सांगितलं त्याने," आई म्हणाली. तिचं मायेचं काळीज दोघांसाठीही तुटत होतं, पण जे खरं ते खरं.

लंबूने आणखी काय सांगायचं? हेच तर सत्य होतं! चौकातल्या गाद्यांच्या दुकानात, रस्त्याकडच्या भल्यामोठ्या काचेमागे, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून गाढ झोपलेलं दिसायचं, हीच त्याची नोकरी होती. शिक्षण अर्ध्यावर सोडल्यापासून त्याने कितीतरी उंबरे झिजवले होते. कुणी म्हणे अनुभव नाही, कुणी म्हणे चेहऱ्यावर उत्साह नाही. गादीवाल्या मालकांनी मात्र नेमका हाच गुण हेरून त्याला तिथल्या तिथे आडवं केलं होतं. अट एकच : आभाळ कोसळलं तरी डोळे उघडायचे नाहीत. त्याला कायम करायचं की काढून टाकायचं, हे मालक आज ठरवणार होते. आणि कायम झालो की बाबांची रात्रपाळी सोडवायची, असा त्या अभागी जिवाने मनोमन पण केला होता…

पण दैवाची क्रूर थट्टा अशी, की त्याला झोपच येत नव्हती! घरातला एकुलता एक पलंग त्याने बाबांच्या दुखऱ्या पाठीसाठी सोडला होता, आणि त्यावरची गादी दबू नये म्हणून बाबा रात्रपाळीला असतानाही स्वतः तो स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाय दुमडून निजत होता. त्यामुळे मऊ गादीला पाठ टेकली की ते सुख त्याला परक्याच्या घरी आल्यासारखं वाटे आणि तो पाय पोटाशी घेऊन लाकडासारखा ताठ होई.

"जरा जिवंत माणसासारखा झोप," मालक रोज विनवत. "गिऱ्हाईक गादी घ्यायला येतं रे, खांदा द्यायला नाही."

आजही तो असाच पडला होता. एवढ्यात काचेवर थाप पडली. मग दुकानाचं दार धाडकन उघडलं आणि एक खोकला आत आला. तो खोकला लंबूने हजारांत ओळखला असता!

"ऊठ! मागोमाग आलो म्हणून कळलं तरी! लोकांच्या दुकानात शिरून झोपतोस?"

"ओ काका, ओ काका!" मालक धावले. "उठवू नका त्याला. कामात आहे तो."

"कामात? झोपलाय हा!"

"तेच काम आहे त्याचं."

लंबूने मिटलेल्या पापण्या आणखी घट्ट मिटल्या.

"म्हणजे… खरं बोलत होता हा?"

"त्याचं बोलणं मला माहीत नाही. झोपण्यात मात्र कच्चा आहे. आज काढणारच होतो."

गादी एका बाजूने खचली. बाबा काठावर बसले होते. त्यांचा खरखरीत हात त्याच्या पायांवरून फिरला.

"एवढा मोठा पलंग असून पाय पोटाशी का घेतलेस रे?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर सापडलं… ओटा! "अरे देवा… माझ्या पाठीसाठी! आणि तुझ्या तोंडून निघालेलं खरं मला उद्धट वाटलं…"

लंबूच्या बंद डोळ्यांतून आसवं ओघळली.

"रडू नकोस रे," मालक कळवळून कुजबुजले. "उशी विकायचीय."

"तू काही बोलू नकोस, बाळा. नोकरी जाईल," बाबा म्हणाले. "मीच बोलतो. सरक जरा, उभा राहून राहून जीव गेलाय माझा… चुकलं माझं. बापाने आधी एकदा तरी…"

वाक्य तिथेच राहिलं. बाबा घोरत होते.

आणि काय ते घोरणं! त्यात कारखान्याच्या फाटकावरची सगळी वर्षं होती, थंडी होती, कुत्री होती. काच थरथरू लागली. रस्त्यावरची माणसं थबकली, एकमेकांना कोपरांनी ढोसू लागली आणि हां हां म्हणता दुकान भरलं.

"ही झोप!" मालक भारावून गेले. "ठरलं. आजपासून यांनाच ठेवतो! अहो काका…" त्यांनी बाबांच्या खांद्याकडे हात नेला.

लंबूने डोळे उघडले.

"हात लावू नका," तो म्हणाला आणि पायजम्यातच ताडकन उभा राहिला. पहिल्यांदाच तो आपल्या पूर्ण उंचीचा दिसत होता. "त्यांना नोकरी आहे, आणि तीही मला सोडवायचीय. गादी कुणाला हवीय? मला विचारा, पण हळू आवाजात. इथल्या प्रत्येक गादीवर मी जागा राहिलोय. कुठली कुठे टोचते ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही."

माणसं हसली, मग विचारू लागली. लंबू सांगत गेला, कुशीवर झोपणाऱ्यांना एक, पाठदुखीवाल्यांना दुसरी… आवाज दबका, पण ठाम.

"अट मोडलीस," मालक हळूच म्हणाले.

"मोडली."

"मग डोळे आता उघडेच ठेव. उद्यापासून विक्रीला. कायमचा." नोकरी देतानाही ते कुजबुजत होते. "आणि पायजमा नको रे. शर्ट-पँट."

तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. "मला हीच गादी हवी. ते झोपलेत ना, तीच."

मालकांनी डोळ्यांनीच खूण केली : दे, देऊन टाक!

लंबूने बाबांकडे पाहिलं. तोंड उघडं, भुवया सैल. असे बाबा त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याने दुलई त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली.

"मिळेल ना. ते उठल्यावर."

"कधी उठतील?"

"सांगता येत नाही," लंबू म्हणाला आणि बाईंसाठी खुर्ची आणायला गेला.