हरलेल्यानं उठायचं कुठं

डॉ. मोरेश्वर गद्रे यांना रोज सकाळी सव्वानऊ वाजता एका पत्राची आठवण होई. आठवण होई म्हणण्यापेक्षा ते डोळ्यांपुढेच येई, कारण टेबलाच्या काचेखाली, चष्म्याच्या डबीशेजारी, ते दोन वर्षं तसंच होतं. रेघांच्या वहीचा कागद, निळी शाई, उजवीकडे कलत गेलेलं अक्षर. प्रयोगशाळेत यायचं, पिशवी खुंटीला अडकवायची, चष्मा पुसायचा आणि पत्र वाचायचं, हा क्रम त्यांनी कधी चुकवला नव्हता. उत्तर मात्र पाठवलं नव्हतं.

"सा. न. वि. वि. मी पूर्वी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री होतो, आता इचलकरंजीत खेळघर चालवतो. तुमच्या शिरपट्टीचा खेळ आमच्याकडे अकरा महिने आहे. आमच्यात रीत अशी की जो हरला तो उठला. पुढचा कोण, ते यंत्रावर ठेवलेल्या रुमालांवरून ठरतं. हरलेला मागे उभा राहून बघतो. मी मागावर माणसं तयार केली आहेत. हात चालवताना माणूस शिकतो, पण मुरतं ते मागे उभं असताना. आता हा खेळ घरोघरी येणार असं ऐकतो. घरात मागे कोणी नाही. मग हरलेल्यानं उठायचं कुठं? माझी मुलगी त्रिशला चांगली खेळते, तिनं घरचं यंत्र सांगून ठेवलं आहे, म्हणून विचारतो. उत्तर द्यावे. भूपाल आण्णा मगदूम."

प्रश्न चांगला होता, आणि चांगल्या प्रश्नांची गद्र्यांना भीती वाटे. बसमध्ये शेजारच्याला 'जरा सरका' म्हणतानाही ज्याची जीभ अडखळते असा हा माणूस. चार ओळींच्या टिपणासाठी चार ग्रंथ काढायचे, आणि एवढं करूनही 'उद्या एकदा वाचून मग पाठवू' म्हणून बाजूला ठेवायचं. खात्री झाल्याखेरीज ते स्वतःच्या डायरीतसुद्धा काही लिहीत नसत.

शिरपट्टी त्यांचीच. लहान मूल तीन भाषा सहज उचलतं आणि चाळिशीच्या माणसाला चौथी येत नाही, कारण मेंदूचा मऊपणा ठरावीक वयात संपतो. त्या मऊ अवस्थेला गद्र्यांनी 'मृदुकाळ' म्हटलं होतं. कपाळावर बांधायची ही पट्टी क्षीण चुंबकी स्पंदनांनी मोठ्या माणसाचा मृदुकाळ पुन्हा उघडत असे. अर्धांगाने वाचा गेलेल्यांना ती परत शिकता यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण शिकणं मोजायचं तर असं काहीतरी हवं होतं, जे कठीण असेल आणि लोक आपण होऊन हजार वेळा करतील. तेव्हा एका कंपनीने 'चौसष्टी' हा द्वंद्वखेळ पुढे केला. चौसष्ट योद्धे, प्रत्येकाचे शंभरावर डाव, आणि प्रत्येक जोडीत त्या डावांचा अर्थ वेगळा. समोरच्याचा खांदा हलला की डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखायचं, कोणता डाव येतोय. चांगला खेळाडू व्हायला चार वर्षं लागत. पट्टी बांधली की तीन आठवडे पुरत.

अशा खेळांची रीत जुनी होती. आधी वर्षभर खेळघरांतल्या उभ्या यंत्रांवर ठेवायचा. तिथली तरबेज माणसं खेळून खेळून त्यातल्या खोडी बाहेर काढत, कोणता योद्धा फाजील भारी आहे, कोणत्या डावाला उताराच नाही. ते सगळं दुरुस्त करून मग घरगुती आवृत्ती काढायची. परवाना समितीने तेच वर्ष पट्टीच्या सुरक्षिततेची चाचणी म्हणून मान्य केलं. तीस हजार खेळाडू, एकालाही अपाय नाही. 'खेळघर आणि घर यांत वैद्यकीयदृष्ट्या फरक नाही,' या वाक्याखाली गद्र्यांनी सही केली होती.

घरगुती आवृत्ती आली आणि सातव्या महिन्यापासून माणसं विसरू लागली. शाळेतले सोबती, पाढे, मेलेल्या आईचा चेहरा. जे रोज वापरात होतं ते शाबूत राही. एकदाच घडून गेलेलं पुसलं जाई आणि त्या जागी चौसष्टीचे डाव येऊन बसत. डॉक्टर याला 'अधिलेखन' म्हणत. लोक म्हणत, त्याची पाटी पुसली.

त्या बुधवारी मगदूम स्वतःच प्रयोगशाळेत आले. साठी ओलांडलेला, पांढरी टोपी घातलेला, खणखणीत आवाजाचा माणूस. बरोबर तिशीतली त्रिशला. खुर्ची दाखवली तेव्हा ती बसली, पाणी दिलं तेव्हा प्याली. गद्र्यांची सहकारी डॉ. वैजयंती सबनीस तिला काहीबाही विचारत होती आणि ती नुसती बघत होती.

मगदूम सांगू लागले. रोज सकाळी ते तिच्यापुढे बसून तिचं नाव सांगत, आपलं सांगत, जिना दाखवत, चूल दाखवत. तेवढं टिकत होतं. मागच्या महिन्यात त्यांना तीन दिवस ताप आला.

"चौथ्या दिवशी चहा घेऊन गेलो तर मला म्हणाली, तुम्ही कोण?" ते काचेखालच्या पत्राकडे बघत होते. "जपून ठेवलंय की ओ सायेब. मला वाटलं पोचलंच नसंल."

गद्र्यांनी चष्म्याची डबी उगाच सरळ केली. त्यांच्या डाव्या हाताची बोटं काचेवर थरथरत होती. ती रोजच थरथरत, खाली, पुढे, मग एक ठोका. वयाचा कंप, असं ते धरून चालले होते. त्रिशलाने त्या बोटांकडे पाहिलं आणि तिचा हात टेबलावर आला. गद्र्यांचा ठोका पडला की तिचं एक बोट आडवं जाई.

"वज्रबाहू," ती म्हणाली. "पण पाऊल उशिरा पडतंय."

वज्रबाहू हा चौसष्टीतला एक योद्धा. आपण हा खेळ कधी खेळलोच नाही, असं गद्रे ओशाळून म्हणाले.

"आज सकाळधरनं एवढंच बोलली बगा," मगदूम म्हणाले. जाताना दारात थांबले. "मला तोंडी काय सांगू नका. पत्राचं उत्तर पत्रानं द्यायचं असतंय. वाट बघतो."

ते गेल्यावर गद्र्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी वैजयंतीला विचारलं, पट्टी मृदुतेची नोंद ठेवते. खेळघरात मृदुता किती वेळात शून्यावर येत होती?

"खेळ संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांत. आपण धरून चाललो की पट्टीचा परिणाम तेवढ्या वेळात ओसरतो. घरी तो ओसरतच नाही. पट्टी काढून ठेवली तरी मृदुकाळ उघडाच. पट्टी तीच, खेळ तोच. इथेच मी अडकलेय, सर."

"खेळघरात कुणी एकटाच खेळला, असा एखादा दिवस मिळेल?"

तिने नोंदी चाळल्या. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या बंदचा एक दिवस सापडला. शटर अर्धं ओढलेलं, आत एकच गिऱ्हाईक. सहा तास तो उठलाच नव्हता. मृदुता शेवटपर्यंत खाली आली नव्हती. दुसऱ्या दिवशी गर्दी झाली, तो हरला, उठला, मागे उभा राहिला आणि अठराव्या मिनिटाला रेघ शून्यावर आली.

"हात रिकामे, डोळे त्याच कामावर, आणि खुर्चीत दुसरा," गद्रे सावकाश म्हणाले. "मेंदूला ती खूण असावी. आपली पाळी झाली. मग तो दार लावून घेतो."

"आणि लहान मुलांचं काय? त्यांचं तर दार उघडंच असतं."

"लहान मुलाला दिवसभर कुणी ना कुणी उचलून बाजूला ठेवत असतं."

वैजयंती हसली नाही. तिने चाचणीचा जुना अहवाल काढून एक ओळ वाचून दाखवली. 'सरासरी प्रतीक्षा अठरा मिनिटे. घरगुती आवृत्तीत हा दोष राहणार नाही.'

"सुरक्षितता पट्टीत नव्हतीच," ती म्हणाली. "रांगेत होती. आणि आपण ती दोष म्हणून काढून टाकली."

त्रिशलाचं दार आता लावलं तर काय होईल, हेही दोघांनी ताडून पाहिलं. दार लागताना आत जेवढं असेल तेवढं कायमचं राहील. गेलेलं परत येणार नाही. तिला आईबद्दल सांगता येईल, आई आठवणार नाही. शिवाय ज्याचं दार कित्येक महिने उघडं आहे त्याचं ते लागतं तरी का, याला पुरावा नव्हता. आणि उलटलं तर? लागण्याऐवजी उरलंसुरलंही पुसलं गेलं तर? पहिला प्रयोग अशा कोणत्या रुग्णावर करायचा, हा प्रश्न होता.

तरीही कित्येक वर्षांत झाला नव्हता असा आनंद गद्र्यांना झाला. दुपारी त्यांनी मगदुमांना उत्तर लिहिलं, पाकिटावर पत्ता घातला आणि ते न बघता खालच्या खणात सरकवलं. उद्या एकदा वाचून मग टाकू.

गुरुवारी सव्वानऊ वाजता त्यांनी चष्मा पुसला, पत्र वाचलं आणि वैजयंतीला विचारलं, "काय, खेळघर आणि घर यांत सापडला का काही फरक?"

तिला वाटलं, थट्टा करताहेत. पण गद्रे थट्टा करणाऱ्यांतले नव्हते.

"सर, काल मगदूम आले होते."

"कोण, हे पत्रवाले? मी कुठे होतो?"

तिने खाली वाकून खण ओढला, कालचं पाकीट दाखवायला. आत सात पाकिटं होती. सातही मगदुमांच्या नावाची, सातही गद्र्यांच्या अक्षरात, एकावरही तिकीट नाही. तिने एकेक फोडून टेबलावर मांडलं. शब्द थोडे इकडेतिकडे, मजकूर एकच: रांग काढू नका, हरलेल्याला उठवा. सगळ्यांत खालच्या पाकिटावर तारीख होती दोन वर्षांपूर्वीची, तीन मार्च. परवान्याच्या सहीची तारीख त्याच वर्षीची वीस मार्च होती.

पाकिटांखाली एक वही होती, सहा वर्षांपूर्वीची. 'शिरपट्टी, पहिली चाचणी. व्यक्ती: मी. स्थळ: राहते घर. प्रतिस्पर्धी: सरावाचा पुतळा. योद्धा: वज्रबाहू. दुसऱ्याला कशाला त्रास द्यायचा, म्हणून आधी स्वतःवर.'

गद्र्यांनी वही दोनदा वाचली. त्यांच्या मागे कुणी उभं राहिलं नव्हतं आणि तेही कुणाच्या मागे उभे राहिले नव्हते. तेच घर, तीच प्रयोगशाळा, तीच पुस्तकं, म्हणून ते टिकले होते. मगदुमांचं पत्र रोज वाचत म्हणून ते राहिलं. उत्तर एकदाच लिहीत, म्हणून पुसलं जाई. पहिल्याच आठवड्यात त्यांना उत्तर ठाऊक झालं होतं. त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले असते तर त्रिशलाच्या मनात आईचा चेहरा आज शाबूत असता, तिच्यासारख्या हजारोंचं जे गेलं ते गेलं नसतं.

वैजयंती खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. मागे न वळता ती म्हणाली, "सर, मी ही पाकिटं घेऊन जाते. उत्तर माझ्या नावाने पाठवते. तुम्हाला हे उद्या आठवणारसुद्धा नाही."

दया करायची तिची ही तऱ्हा होती, हे त्यांना कळलं. किती सोपं होतं. खण लावायचा, घरी जायचं, आणि उद्या सकाळी पुन्हा तो जुना, सुसह्य संकोच: एका चांगल्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "माझ्याइतकं जुनं उघडं दार दुसऱ्या कुणाचं नसेल. माझं लागलं तर तिचंही लागेल."

"आणि लागलं तर हे सगळं आत राहील."

"हो."

"जन्मभर, सर."

"तुझा रुमाल आहे का?"

ती खिडकीपासून वळली. मग तिने पिशवीतून रुमाल काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. गद्रे उठले. ती त्यांच्या खुर्चीत बसली, त्यांचं पेन घेतलं आणि मगदुमांना उत्तर लिहू लागली. गद्रे मागे उभे राहिले, हात रिकामे, डोळे कागदावर. दुसऱ्याच ओळीत तिने 'त्रिशला' पोटफोड्या षने लिहिलं आणि त्यांचा हात पुढे आला. तो त्यांनी पाठीमागे धरला. वीस मिनिटं पाय दुखेपर्यंत ते उभे होते. बोटांचा ठोका मधेच केव्हातरी थांबला.

नंतर तिने पाकिटं आणि वही आपल्या कपाटात कुलपात ठेवली. चार दिवस या विषयाचा एक शब्दही काढायचा नाही, असं त्यांनीच तिला बजावलं.

सोमवारी सव्वानऊला गद्र्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. चष्मा पुसला. वैजयंती आपल्या टेबलाशी, काही न विचारता, बसून होती.

"तीन मार्च," ते म्हणाले. "आणि वीस मार्च."

तिने मान खाली घातली. मग उठून कपाटातून तिनेच लिहिलेलं ते उत्तर काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात त्यांनी एक षकार सुधारला आणि खाली आपल्या हाताने लिहिलं:

"महिनाभर रोज तिला तेवढंच सांगा, जे तिच्यात राहावं असं आपल्याला वाटतं. निवड आपण करा, ती मला करता येणार नाही. मग जे काम ती रोज करते त्यावरून तिला उठवा, दुसऱ्याला बसवा, तिला मागे उभी करा. दार लागतं. हे मी स्वतःवर पाहिलं आहे. आपल्या प्रश्नाचं उत्तर मला आपलं पत्र आलं त्याच आठवड्यात सापडलं होतं. ते मी पाठवलं नाही. मो. गद्रे."

पुन्हा वाचावंसं वाटलं, तरी त्यांनी वाचलं नाही. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेले. पेटीशी एक बाई आपलं पत्र टाकत होती. तिचं होईपर्यंत गद्रे तिच्या मागे उभे राहिले, आणि मग त्यांनी पाकीट आत सोडलं.