जागलीवरचा साक्षीदार

या, सरकून बसा. आदेश पोरा, ते ओलं लाकूड टाकू नको रे शेकोटीत. धूर होतो, आणि धुरात कोण आलं, कोण गेलं, कळत नाही. तुम्ही म्हणाल, काका बाता मारतो. मारतो की! पण ही बात माझी नाही, वहाबभाईची आहे, आणि वहाबभाई पाच वेळचा नमाजी माणूस. कोर्टात पट्टेवाला होता. कोणतं कोर्ट ते विचारू नका. जंगलाच्या कडेला आहे, एवढं पुरे.

मार्गशीर्षातली अमावस्या, सोमवार. वहाबभाई खानावळीतून मॅडमचा डबा आणायला निघाला होता. मॅडम म्हणजे तिथल्या जज. निगडे आडनाव, साताऱ्याकडच्या, तिशीच्या आतल्या, पहिलीच नेमणूक. परीक्षा झाली, मुलाखत झाली, सगळी कलमं विचारून झाली. एकटं राहता येतं का, एवढं मात्र कोणी विचारलं नव्हतं. जजनं गावात कोणाकडे जेवायचं नाही, लग्नाला जायचं नाही, उद्या त्याचीच केस समोर यायची. एकदा शेजारच्या पोरीनं ओंजळभर बोरं आणून दिली, तर मॅडमनी वहाबभाईच्या हाती परत धाडली. मग बराच वेळ खिडकीतून त्या पोरीकडं पाहत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी झिंगूचा निकाल होता. झिंगूच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, रानडुकरासाठी कोणीतरी विजेचा आकडा टाकून तार लावली, आणि पहाटे एक गुराखी तिला चिकटून मेला. चुलतभाऊ गोपालनं शपथेवर सांगितलं, तार झिंगूनंच लावली, मी पाहिलं. झिंगू म्हणे, मी नाई. त्याच्या बाजूनं बोलणारा एकच माणूस होता, श्रावण म्हातारा. त्या रात्री तो शेजारच्या शेतात माचीवर, पिकाची राखण करत जागलीला होता. पण तारखेच्या दिवशी पुकारा झाला आणि तो आलाच नाही. पुरावा बंद.

खरं काय ते आठवड्यानं त्याची बायको धुरपता कोर्टात येऊन मॅडमच्या देखत सांगून गेली.

"दिवसभर बसला होता जी तो, कोर्टापुढच्या चिचेखाली. तुमी काऊन नाई बलावलं?"

"मी तीनदा पुकारा केला ना बाई," वहाबभाई म्हणाला.

"हाक आली म्हने त्याले. पन तोंड नाई दिसलं. जंगलातला मानूस तोंड पाह्यल्याबिगर ओ देते का? कोन बलावून राह्यलं, कसं समजन?"

वहाबभाई ऊन लागतं म्हणून दाराआडूनच पुकारायचा. श्रावण सांजेला पायी परत निघाला, आणि जंगलातल्या रस्त्यावर वाघानं त्याला नेला. धुरपताला दुपट्टा तेवढा मिळाला.

तर, अमावस्येची रात्र. वहाबभाई डबा घेऊन आला तेव्हा मॅडम कोर्टाच्या हॉलमध्ये एकट्याच बसलेल्या. त्यांनी डब्याकडं पाहिलंही नाही.

"वहाबभाई, जे पुराव्यात आहे त्यावरून झिंगू आत जातो. आणि मला ते पटत नाहीये."

"घरी फोन करून बोला ना, मॅडम. आईशी."

"केसबद्दल घरीही बोलता येत नाही. कोणाशीच बोलता येत नाही."

मग त्या उठल्या. खुर्चीवरून खाली उतरल्या, सरळ दारात गेल्या. मोबाईलचा उजेड स्वतःच्या तोंडावर धरला. आणि हाक मारली.

"श्रावण डोमा... हाजिर हो!"

रातकिडे थांबले.

"श्रावण डोमा... हाजिर हो!"

काही नाही. वहाबभाईला वाटलं, हात धरून आत आणावं. पण जजचा हात कोण धरणार?

"श्रावण डोमा..."

"जी."

चिचेखालून. म्हातारा आवाज. जवळच.

वहाबभाईच्या ओठांवर कलमा आला. वाळली पानं वाजली. पायरी आली. उंबरा आला. त्याच्या अंगाला चाटून काहीतरी गार गेलं... साक्षीदाराच्या पिंजऱ्याचं दार करकरलं. उघडलं. मिटलं. आतली फळी वजनानं दबली.

पिंजऱ्यात कोणी नव्हतं.

मॅडम खुर्चीवर जाऊन बसल्या. एकच प्रश्न विचारायचा होता, तार कोणी लावली? विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. ओठ हललेही. मग...

"आरोपी हजर नाही," त्या म्हणाल्या. "त्याचे वकील नाहीत, सरकारी वकील नाहीत. त्यांच्यामागं मला तुमचं ऐकता येत नाही, बाबा. उद्या अकराला या. बोलावीन. तोंड दाखवून."

शांत.

पिंजऱ्यातली दबलेली फळी वर आली.

मग दार करकरलं. पानं वाजली. लांब गेली.

हसा, हसा! मेलेल्यालाही तारीखच मिळाली. वहाबभाईलाही हसू आलं, पण महिन्याभरानं.

सकाळी अकराला मॅडम म्हणाल्या, निकालाआधी श्रावणला पुकारा. सरकारी वकील उठले. "मॅडम, तो साक्षीदार मयत आहे."

"मला माहीत आहे. वहाबभाई, बाहेर जाऊन पुकारा. चिचेपर्यंत जा."

तो गेला. तीनदा हाक मारली. ओ आली नाही, पान हललं नाही. आत वकील तोंडावर हात धरून हसत होते. मॅडम मात्र पेन धरून रिकाम्या पिंजऱ्याकडं पाहत बसल्या, साक्षीदार बोलत असताना बसतात तशा.

मागच्या बाकावर गोपाल होता. तो हळूहळू उभा राहिला. त्याचीही नजर तिथंच.

"श्रावणदादा... नोको..." त्यानं हात जोडले. "मी सांगतो ना. तू नोको सांगू. मीच टाकला आकडा. डुकराच्या मटनासाठी. झिंगूचं वावर होतं, मनलं त्याच्यावरच जाईन... आता उतर ना बाप्पा तिथून!"

पुढचं सारं रीतसर झालं. जबाब झाले, वकील भांडले, वेळ लागला, पण झिंगू सुटला. मात्र त्या पुकाऱ्याच्याच दिवशी, संध्याकाळी, वहाबभाई हॉल बंद करायला गेला. पिंजऱ्याच्या कठड्यावर पळसाच्या पानांचा द्रोण होता. मोहाच्या फुलांनी भरलेला. ताजी, दवानं चिकट झालेली फुलं. अरे, मोह पडतो फागुन-चैतात! मार्गशीर्षात झाडाला कळीही नसते.

त्यानं मॅडमना बोलावलं. त्यांनी द्रोण उचलला, नाकाशी नेला. डोळे भरून आले. मग हात लांब केला.

"परत करा."

"कोणाला, मॅडम?"

मॅडम द्रोण होता तिथंच ठेवून एकट्या घरी गेल्या. वहाबभाईनं कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली.

सकाळी त्यानंच कुलूप काढलं. कठड्यावर द्रोण नव्हता.

एकच फूल उरलं होतं. मॅडमच्या खुर्चीत.