गुडघ्यांतली वाळू

किलकुआन गावात घरोघरी फिरून मलमपट्टी करणारी नर्स म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. दर सोमवारी गोबनेट क्वर्क यांच्याकडे जायचे. वय एक्याऐंशी. नाताळाच्या आधी मागच्या पायरीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या अंथरुणावरच. कूस बदलायलाही मुलगी लागे. ही डिम्फना, पन्नाशीची, एकटी, तोंडाने जरा फटकळ.

मार्चमधल्या एका सोमवारी अंग पुसताना माझा हात थांबला. गोबनेट यांचे दोन्ही गुडघे सोललेले होते. जखमांत तांबूस वाळूचे कण रुतले होते. चिमट्याने मी अकरा काढले.

चादरीने घासलं असेल, डिम्फना म्हणाली. चादरीत वाळू कुठून आली, ते तिला सांगता येईना.

पुढच्या सोमवारी जखमा पुन्हा ताज्या. माझ्या मनात नको ते आलं. आजाऱ्याचं एकहाती करता करता माणूस कसा बिथरतो, हे मी पाहिलं आहे. दोन्ही गुडघ्यांना जाड पट्ट्या बांधल्या, चिकटपट्टीच्या कडेवर, अर्धी कातडीवर येईल अशी, पेनाने सही केली, आणि डिम्फनाला सांगितलं, उद्या ही सही मोडलेली दिसली तर तुझ्या आईला इथून हलवायला मी वर कळवणार.

ती म्हणाली, "मी आईला छळते असं वाटतंय ना तुला? मग तोंडावर म्हण तसं."

मी पिशवी उचलून निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सह्या जशाच्या तशा होत्या. मी पट्टी कात्रीने कापली. आतला कापूस ओला होता, आणि त्यातून वाळू चादरीवर सांडली.

डिम्फना दारातून बघत होती.

गोबनेट जाग्या होत्या. मी वाकून विचारलं, "मिसेस क्वर्क, कुठे जाता तुम्ही?"

"मी कुठे जाणार, पोरी? मला उठवतंय कोण?" त्या म्हणाल्या. मग हळूच, "दगड फार टोचतो गं. पण दुसरं कोणी येईना."

तळ्याकाठच्या पडक्या चर्चमध्ये तांबड्या दगडाची एक फरशी आहे. तिच्यावर कुआन संत गावासाठी गुडघे टेकायचे, त्यानेच तिला दोन खळगे पडले, असं आम्हाला शाळेत शिकवलेलं.

मी वर काहीच कळवलं नाही.

शुक्रवारी गोबनेट गेल्या. मी डिम्फनाची माफी मागितली. तिने मान हलवली आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. त्या कपाने मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी दुपारी त्या पडक्या चर्चच्या आवारातच दफन झालं. प्रार्थना संपता संपता गारा सुरू झाल्या, तशी माणसं मोटारींकडे पळाली. मी आत गेले.

चर्चला छप्पर उरलेलं नाही. जमीन पांढरी झाली होती. फरशीवरही थर साचला होता.

दोन खळगे तेवढे उघडे होते.

मी तिथेच उभी राहिले. गारा माझ्या खांद्यांवर, फरशीवर, खळग्यांच्या कडांवर ताडताड आपटत होत्या.

खळग्यांत एकही पडत नव्हती.